ख्रिस्ती प्रार्थना: देवाशी नातं आणि मंडळीची सोबत

देवाला सगळं आधीच माहीत असेल, तर त्याला पुन्हा सांगायचं कशासाठी? कोल्हापुरात ख्रिस्ती कुटुंबाच्या शेजारी राहणारे लोक हा प्रश्न विचारतात, आणि मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) वाढलेली मुलंही कॉलेजच्या वयात हाच प्रश्न घेऊन पाळकांकडे येतात. प्रश्न रास्त आहे आणि तो बायबललाही ठाऊक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत असतात. एवढं सांगून झाल्यावर, पुढच्याच वाक्यात, तो शिष्यांना प्रार्थना शिकवतो. देवाला माहिती पुरवणं हे प्रार्थनेचं काम नाही, हे तिथे सुरुवातीलाच स्पष्ट होतं.

लेकराला भूक लागली आहे हे आईला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. तरी ते जवळ येऊन बोललं की दोघांमध्ये काहीतरी घडतं, जे नुसत्या कळण्याने घडत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत प्रार्थनेची जागा ही आहे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या अविलाच्या तेरेसाने लिहून ठेवलं आहे की प्रार्थना म्हणजे जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी मैत्रीने, वरचेवर, एकांतात केलेलं बोलणं. ती कॅथलिक संन्यासिनी होती, पण कोल्हापूरच्या जुन्या प्रेसबिटेरियन (प्रॉटेस्टंट) परंपरेतल्या माणसालाही ही व्याख्या मान्य व्हावी.

मात्र ती अर्धीच आहे. उरलेला अर्धा भाग प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या त्याच प्रार्थनेत सापडतो, आणि आमच्या मते तिथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

प्रभूची प्रार्थना उलगडून पाहिली तर

ही प्रार्थना दोन ठिकाणी येते. मत्तयात सहाव्या अध्यायात ती मोठी आहे, लूकमध्ये अकराव्या अध्यायात आटोपशीर. म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. रचना अशी: आधी हाक, मग देवाविषयीच्या तीन विनंत्या (त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा), मग आपल्याविषयीच्या (भाकर, क्षमा, परीक्षा आणि वाईटापासून सुटका). शेवटी आपण म्हणतो ते ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे वाक्य मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मात्र अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत तशा स्तुतीने शेवट करण्याची पद्धत होती. म्हणूनच कॅथलिक मिस्सामध्ये (उपासनेत) ‘वाइटापासून सोडव’ इथे थांबून याजक मध्ये एक प्रार्थना म्हणतो आणि स्तुतीचं वाक्य त्यानंतर येतं. दुसऱ्या मंडळीच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला गेलेले प्रॉटेस्टंट लोक नेमके इथे एकटेच पुढे म्हणत राहतात आणि गोंधळतात. चूक कुणाचीच नसते.

आता या संपूर्ण प्रार्थनेत ‘मी’ शोधून पाहा. सापडणार नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमची ऋणे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने यावर नेमकं बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की आपली प्रार्थना सार्वजनिक आणि सामायिक आहे. आपण प्रार्थना करतो ती एकासाठी नव्हे, सगळ्या लोकांसाठी, कारण आपण सगळे मिळून एक आहोत. हा माणूस पुढे, २५८ मध्ये, श्रद्धेसाठी ठार मारला गेला. एकट्याने, बंद खोलीत, कडी लावून ही प्रार्थना केली तरी तिच्यात इतर लोक येतातच.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो, ते भाकरीच्या ओळीवरून कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, महामार्ग बंद पडला, तेव्हा दूध, भाजी, गॅस, पेट्रोल अशा रोजच्या गोष्टी किती पटकन अडतात हे कोल्हापूरने पाहिलं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असं म्हणणाऱ्याच्या डब्यात भाकर आहे आणि पुराच्या पाण्याने घर सोडावं लागलेल्याच्या नाही, तर त्या ‘आमची’मध्ये दुसऱ्याचीही भाकर मागितलेली आहे. मग उत्तराचा काही भाग मागणाऱ्याच्याच स्वयंपाकघरातून जायला हवा. ही ओळ म्हणून झाल्यावर डबा बांधायला उठणं हा प्रार्थनेचाच भाग आहे.

क्षमेची ओळ त्याहून अवघड आहे. सगळ्या विनंत्यांमध्ये हीच एक अशी, जिला आपली बाजू जोडलेली आहे: आम्ही आपल्या ऋण्यांना सोडलं आहे, तशी तू आमची ऋणे सोड. ऋण म्हणजे इथे अपराध. प्रार्थना संपल्यावर येशू भाष्य करतो तेही फक्त याच ओळीवर. पाचव्या अध्यायात तर तो आणखी पुढे जातो. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना उद्देशून सरळ सांगितलं आहे की बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. देवाशी नातं वेगळ्या खात्यात आणि माणसांशी वेगळ्या, अशी सोय ख्रिस्ती प्रार्थनेत नाही.

आपल्याकडे हा विषय बहुधा बांधावर येऊन थांबतो. वाटणी झालेली, सातबाऱ्यावर नाव लावण्यावरून तक्रार, दोन भाऊ एकाच मंडळीत पण वेगवेगळ्या बाकांवर. अशा वेळी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पायरी, दोघांनीच एकांतात बोलणं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत नेणं. तरीही नाही, तर मंडळीपुढे. चुकतं ते असं की लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात: आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग पाळकांना, आणि भावाला सगळ्यात शेवटी. क्षमा करायची म्हणजे कोर्टातला दावा काढून घ्यायलाच हवा असं नाही. हिशोब न्यायाने व्हावा आणि मनातलं वैर जावं, या दोन्ही गोष्टी एकत्र मागता येतात. आणि घरात मारहाण होत असेल तर ‘क्षमा कर आणि परत जा’ असा सल्ला प्रार्थनेच्या नावाखाली कुणीही देऊ नये. तिथे आधी त्या बाईला सुरक्षित ठिकाणी पोहोचवणं आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करणं, हे पहिलं काम.

एकट्याने प्रार्थना करताना

मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांत जागी जातो. त्यामुळे पहाटेची वेळ अनेकांना प्रिय आहे. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिसरी पाळी करून सकाळी घरी येणाऱ्याने पहाटेचाच हट्ट धरला तर आठवड्यात प्रार्थना बंद पडते. वेळ कोणतीही चालते, ती ठरलेली मात्र असावी. जागाही तीच. फोन दुसऱ्या खोलीत. बायबल फोनवर वाचत असाल तर निदान इंटरनेट बंद करा, कारण पहिली सूचना वाजली की मन गेलंच.

सुरुवात करणाऱ्याला पंधरा मिनिटं भरपूर होतात. दोन मिनिटं गप्प बसावं. मग एक स्तोत्र सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचावं. बायबलमध्ये ती दीडशे आहेत, म्हणजे रोज एक घेतलं तरी पाच महिने पुरतात (११९ वं फार लांब आहे, ते तुकडे करून घ्यावं). त्यातली एखादी ओळ जिथे टोचते किंवा धरून ठेवते तिथे थांबावं आणि तिलाच उत्तर द्यावं. इथे बरेच जण घाई करतात: वाचन उरकून आपल्या यादीकडे वळतात. खरं तर देवाने काही म्हटलं आणि आपण त्यावर बोललो, हीच संभाषणाची सुरुवात आहे. त्यानंतर कालच्या दिवसातल्या नाव घेऊन सांगता येतील अशा दोन-तीन गोष्टींसाठी आभार, जे चुकलं त्याचा नेमका कबुलीजबाब, आणि मग मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागणं. शेवटी प्रभूची प्रार्थना.

मध्यस्थीची यादी लवकरच हाताबाहेर जाते. घरचे, आजारी, परीक्षेला बसलेले, परदेशी गेलेले, असं करता करता चाळीस नावं होतात आणि मग ती भराभर वाचली जातात. एक साधी वही घेऊन वारांप्रमाणे पानं करावीत. घरातल्या माणसांची नावं रोज, बाकीची दिवसाला पाच-सहा. प्रत्येक नावापुढे एकच नेमकी गोष्ट लिहावी. ‘आशीर्वाद दे’ असं लिहिलं की काय मागितलं ते आठवड्याने आपल्यालाच आठवत नाही. ‘मंगळवारच्या मुलाखतीत तिला शांतपणे बोलता यावं’ असं लिहिलं की बुधवारी तिला फोन करून विचारावंसं वाटतं.

मन भटकणं हा दोष समजून लोक निराश होतात. ते सगळ्यांचंच भटकतं. जिथे ते वारंवार जातं, उसाचं बिल, मुलीचं लग्न, कर्जाचा हप्ता, तीच बहुधा खरी प्रार्थना असते. तेव्हा विषय बदलून तेच देवापुढे ठेवावं. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्यांसाठी पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांची एक छोटी प्रार्थना फार उपयोगी आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराच्या हाकेवर ती आधारलेली आहे. एका श्वासात मावते, आणि हात कामात असतानाही म्हणता येते.

उत्तर येत नाही तेव्हा

इथे मंडळ्यांकडून सर्वांत मोठी इजा होते, म्हणून स्पष्ट लिहिणं भाग आहे. आजार बरा झाला नाही की कुणीतरी म्हणतं, विश्वास कमी पडला. दुःखात असलेल्या माणसावर हा आणखी एक घाव असतो, आणि बायबलला तो मान्य नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढला जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने हा प्याला दूर कर असं मागितलं, आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे असं म्हटलं. प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल?

स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं फार मोठ्या संख्येने आहेत. तेरावं स्तोत्र ‘कुठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही. तरी ते बायबलमध्ये ठेवलं गेलं. देवाकडे तक्रार करणं हे नातं तुटल्याचं लक्षण नाही. जो बोलायचंच सोडून देतो त्याचं नातं धोक्यात असतं.

औषधांबद्दलही तितकंच स्पष्ट. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं सांगितलं आहे. उपचार थांबवा असं त्यात कुठेही नाही. आपल्याच भागात, मिरजेला, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, ते प्रार्थना करणाऱ्याच माणसांनी. इन्सुलिन, टीबीच्या गोळ्या, रक्तदाबाचं औषध किंवा मानसिक आजाराची औषधं ‘विश्वासाने’ बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नये, मग तो व्यासपीठावर कितीही मोठ्याने बोलत असो.

घरातली प्रार्थनासभा

अमेरिकन मिशनरी आर. जी. वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथे कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये शिकताना त्यांच्या घरी विद्यार्थ्यांची छोटी प्रार्थनासभा भरे. बहीण ग्रेस त्या कामासाठी नेटाने प्रार्थना करत असे. १८८६ मध्ये माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी परिषदेत शंभर जणांनी मिशनकार्यासाठी नावं दिली, त्यामागे रॉबर्टचा मोठा वाटा होता, आणि त्यातून एक मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. घरातल्या सभेला लहान समजू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

आपल्या मंडळ्यांमध्ये आठवड्यातून एकदा, आळीपाळीने वेगवेगळ्या घरी, संध्याकाळी प्रार्थना असते. आठ ते बारा माणसं ही चांगली संख्या. पंधराच्या वर गेली की निम्मे लोक फक्त ऐकतात, आणि तेव्हा दोन गट करणंच योग्य. एक तासाची वाटणी साधारण अशी जमते: दोन गीतं, दहा मिनिटं; दहा-पंधरा वचनांचं वाचन आणि त्यावर थोडं बोलणं, पंधरा मिनिटं; विनंत्या सांगणं, दहा; प्रत्यक्ष प्रार्थना, वीस; राहिलेल्या वेळात प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. चहा त्यानंतर, आणि चहाच. एका घरी पोहे, दुसऱ्या घरी जेवण असं सुरू झालं की तिसरं घर बोलवायचंच टाळतं, आणि ते सहसा सर्वांत गरीब घर असतं. हा नियम वडील मंडळाने स्पष्ट बोलून लावावा.

सभा बिघडते ती जवळपास नेहमी वीस मिनिटांच्या प्रार्थनेत. एकजण दहा मिनिटं बोलतो. दुसरा डोळे मिटून उपदेश करतो: ‘प्रभू, काही लोक मंडळीत वेळेवर येत नाहीत, त्यांना जाणीव दे.’ हे देवाशी बोलणं नाही, शेजारी बसलेल्याला टोमणा आहे. उपाय सोपा आहे. चालवणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं की प्रत्येकाने एकच विषय, तीन-चार वाक्यांत घ्यावा. पुन्हा बोलायचं असेल तर सगळ्यांची पाळी झाल्यावर. ज्यांना मोठ्याने प्रार्थना करायला संकोच वाटतो त्यांना छापलेली किंवा स्वतः लिहून आणलेली प्रार्थना वाचायला द्यावी. लिहिलेली प्रार्थना कमी दर्जाची असते हा गैरसमज आहे; स्तोत्रं लिहिलेलीच आहेत. घरातल्या आजींनी ओवीच्या चालीवर म्हटलेली प्रार्थना तर मराठी ख्रिस्ती माणसाला आपलीच वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीतून ख्रिस्तभक्ती मांडली, ती याच मातीतली.

दुसरा धोका विनंत्या सांगताना. ‘त्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तुम्हाला माहीतच आहे काय झालंय ते...’ इथून चर्चा सुरू होते. नियम असा ठेवावा की दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगायची नाही. आजाराचं नाव, पगार, लग्न मोडल्याचं कारण यातलं काहीही देवाला समजावून सांगण्याची गरज नसते; नाव पुरतं. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा नियम दुप्पट कडक हवा, कारण तिथला मेसेज पुढे कुठेही जातो. सीपीआर रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचा रिपोर्ट ग्रुपवर टाकणं म्हणजे मध्यस्थी नव्हे. शेजारच्या हिंदू किंवा मुस्लिम कुटुंबासाठी प्रार्थना करायची असेल तर त्यांच्या घरी जाण्याआधी त्यांना विचारावं, आणि त्यांनी नको म्हटलं तर आपल्या घरी शांतपणे करावी.

ग्रुपवर हात जोडल्याची चिन्हं पाठवून विषय संपतो, हीही नेहमीची गोष्ट. चिन्ह पाठवण्याआधी तिथेच थांबून एक वाक्य तरी प्रार्थना करावी. नाहीतर ‘आम्ही प्रार्थनेत आहोत’ हे खोटं होतं. सभेच्या वहीत तारीख, विनंती आणि पुढच्या आठवड्यात कोण चौकशी करणार, असे तीन रकाने असावेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर विनंती स्वीकारलीच नाही असं समजावं.

स्वतःला प्रार्थना करता येत नाही अशी वेळ प्रत्येकावर येते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण पक्षाघात झालेल्या मित्राला खाटेसकट छपरातून खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाने तिथे एक शब्दही मागितलेला नाही. मयत झालेल्या घरी जाताना हे लक्षात ठेवावं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक चाललं होतं. कारणं सांगायला लागले आणि चुकले. त्या घरी ‘देवाची इच्छा’ असं म्हणू नये. बसावं, तेविसावं स्तोत्र सावकाश वाचावं, प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणावी, आणि पंधरा-वीस मिनिटांत उठावं. डबा न्यायचा तर भांडी परत मागू नयेत. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणी येत नाही. म्हणून महिला मंडळाच्या वहीत त्या घराचं नाव वर्षभर ठेवावं, महिन्यातून एकदा कोण जाणार ते नावानिशी लिहावं, आणि पहिल्या वर्षाच्या तारखेला, नाताळच्या आठवड्यात आणि त्या माणसाच्या वाढदिवसाला कुणीतरी तिथे असेल एवढं आधीच ठरवून ठेवावं.